मागच्या रांगेतली सत्तर वर्षं : बासवादक मिल्ट हिंटनचं प्रकरण

जाझच्या इतिहासात डबल बासचा, म्हणजे माणसाहून उंच अशा खर्जातल्या तंतुवाद्याचा, विषय निघाला की जी नावं आधी घेतली जातात, त्यांतली बरीच माणसं फार लवकर गेली. जिमी ब्लँटन १९४२ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. स्कॉट लाफारो १९६१ मध्ये मोटार अपघातात गेला, २५ व्या वर्षी. पॉल चेंबर्स ३३ व्या वर्षी, ऑस्कर पेटिफर्ड ३७ व्या. बास कसा वाजवायचा याची समजूतच या लोकांनी बदलून टाकली, आणि पुस्तकांतली पानं त्यांच्या वाट्याला आली ते योग्यच झालं.

मिल्ट हिंटन या यादीत सहसा नसतो. २३ जून १९१० रोजी जन्मलेला हा माणूस १९ डिसेंबर २००० रोजी गेला. मधल्या काळात जवळजवळ सत्तर वर्षं तो वाजवून पोट भरत होता. पहिलं रेकॉर्डिंग १९३० चं, तेही बासवर नाही, ट्यूबा या मोठ्या पितळी फुंकवाद्यावर. शेवटची रेकॉर्डिंगं १९९० च्या दशकातली. कॅब कॅलोवे, लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, ब्रॅनफर्ड मार्सालिस, एवढ्या लांबच्या पल्ल्यातल्या लोकांना त्याने साथ केली. जाझमध्ये सर्वाधिक रेकॉर्डिंग केलेल्या वादकांत त्याची गणना व्हायची.

हे प्रकरण उकलून पाहावंसं वाटतं ते त्यातल्या खंडांमुळे. हिंटनचं काम तीनदा पायाखालून सरकलं. प्रत्येक वेळी कारण बाहेरचं होतं: एकदा तंत्रज्ञान, एकदा बाजार, एकदा लोकांची आवड. त्याच्याबरोबरचे कितीतरी वादक यातल्या एखाद्या वळणावर टपालखात्यात किंवा कारखान्यात नोकरीला लागले. हा का नाही लागला? तो चांगला वाजवायचा, हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. चांगले वाजवणारे पुष्कळ होते.

व्हायोलिन शिकून काय करणार?

हिंटनचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गचा. वडील तो तान्हा असतानाच घर सोडून गेले. आजी गुलामगिरीत जन्मलेली, तिनेच बरंचसं सांभाळलं. सातआठ वर्षांचा असताना एका काळ्या माणसाला गोऱ्या जमावाने ठार मारताना आपण पाहिलं, हे त्याने पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितलं. १९१९ मध्ये घरच्यांनी त्याला शिकागोला आणलं. दक्षिणेतून लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती, त्या लोंढ्यातलंच हे एक कुटुंब.

आई चर्चमध्ये वाजवायची, शिकवायची. मुलाने व्हायोलिन शिकावं ही तिची हौस. तेराव्या वर्षी शिक्षण सुरू झालं आणि ते चांगलं झालं: नोटेशन वाचणं, गज धरणं, सूर नेमका लावणं. त्या वेळी शिकागोच्या दक्षिण भागात व्हायोलिनवाल्याला खरंच भवितव्य होतं. मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे वाद्यवृंद बसायचे आणि काळ्या वस्तीतल्या थिएटरांत ते काळ्या वादकांचे असायचे. स्टेट स्ट्रीटवरच्या व्हेंडोम थिएटरमधला अर्स्किन टेटचा वाद्यवृंद तर सिनेमाइतकाच लोकप्रिय होता. आर्मस्ट्राँग त्यात वाजवायचा.

(याच टेटकडे पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे आशियात आला आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्या काळात ताजमध्ये आलेल्या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून गोव्याच्या कितीतरी वादकांनी जाझ उचललं. पुढे त्यांतलेच बरेच जण हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागले. हॉटेलातून स्टुडिओत जाण्याचा हा रस्ता मुंबईतही होता, हे लक्षात असू द्यावं. हिंटनच्या गोष्टीत तो पुढे येणारच आहे.)

मग बोलपट आला. १९२७ नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेतल्या थिएटरांचे वाद्यवृंद झपाट्याने बंद पडले. आवाज आता फिल्मवरच होता, पडद्यापुढे माणसं बसवायची कशाला? सिंफनी ऑर्केस्ट्रांत काळ्या वादकाला जागा नव्हती. नाचाच्या बँडमध्ये तुतारी, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन हवे होते, व्हायोलिन क्वचित. म्हणजे तरुण हिंटनच्या हाती उत्तम शिक्षण होतं आणि ते विकायला दुकान नव्हतं.

शाळेच्या बँडमध्ये मिळेल ते वाद्य वाजवायची सवय होती. ट्यूबा त्यातूनच आला आणि ट्यूबावरून बास. हे ‘ट्यूबावरून बास’ प्रकरणही त्या काळाचंच. १९२५ पर्यंत रेकॉर्डिंग भोंग्यातून व्हायचं, त्यात डबल बासचा आवाज नीट उमटायचा नाही, म्हणून खालचे सूर ट्यूबाकडे असायचे. मायक्रोफोन आला आणि तारेचा बास ऐकू यायला लागला. त्यातच न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी शिकागोत आणलेली ‘स्लॅप’ची पद्धत लोकांना भावली होती: तार ओढून सोडायची, ती बोर्डावर आपटते, मग पंजाने थाप द्यायची. सूर आणि ठेका दोन्ही एकाच हातात. हिंटन यात इतका तरबेज झाला की एका सुरामागे दोनदोन, तीनतीन थापा काढायचा.

याच सुमाराला एक अपघात झाला. दारूबंदीचे दिवस होते आणि हिंटन फावल्या वेळात चोरटी दारू पोचवायच्या कामावर होता. गाडीला अपघात होऊन हाताचं एक बोट तुटायच्या बेतात आलं. डॉक्टर ते कापायला निघाले होते, पण शिकागोचा गुंडप्रमुख अल कपोनने दम भरल्यामुळे बोट वाचलं, असं हिंटन सांगायचा. ही कथा त्याच्याच तोंडची, आणि तो गोष्टीवेल्हाळ माणूस होता हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. पण बोट शाबूत होतं हे नक्की.

व्हायोलिन सुटलं तरी त्यातून दोन गोष्टी मागे राहिल्या. एक म्हणजे समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवता येणं. दुसरी म्हणजे गज. त्या पिढीच्या बऱ्याच जाझ बासवादकांना या दोन्हींची गरजही नव्हती आणि सवयही नव्हती. याची किंमत हिंटनला वीस वर्षांनी मिळाली.

कॅलोवेच्या डब्यात

१९३६ मध्ये गायक आणि बँडप्रमुख कॅब कॅलोवेचा बासवादक अल मॉर्गन कॅलिफोर्नियातच राहिला. कॅलोवे परतीच्या वाटेवर शिकागोत थांबला आणि क्लबमध्ये ड्रमवादक झुटी सिंगलटनबरोबर वाजवणाऱ्या हिंटनला घेऊन पुढे गेला. न्यूयॉर्कला पोचेपर्यंतची तात्पुरती सोय, एवढाच बेत होता. हिंटन पंधरा वर्षं राहिला.

कॅलोवे म्हणजे पांढरा कोट, उडते केस आणि ‘हाय-दे-हो’ ही आरोळी. त्याच्या या सोंगामुळे त्याचा बँड किती चांगला होता हे लोक विसरतात. टेनर सॅक्सोफोनवर आधी बेन वेबस्टर, नंतर चू बेरी. ड्रमवर कोझी कोल. गिटारवर डॅनी बार्कर. १९३९ मध्ये २१ वर्षांचा तुतारीवादक डिझी गिलेस्पी येऊन बसला. पगार वेळेवर, कपडे झकास, प्रवास रेल्वेच्या स्वतंत्र पुलमन म्हणजे शयनडब्यातून. हा डबा चैनीसाठी नव्हता. दक्षिणेत काळ्या वादकांना हॉटेलात खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. रेल्वेचा स्वतःचा डबा असला की रात्री डोकं टेकायला जागा तरी असायची.

याच बँडसाठी ऑगस्ट १९३९ मध्ये ‘प्लकिन द बास’ रेकॉर्ड झालं. संपूर्ण बँडसमोर बास पुढे आणून बसवलेली ही तीनएक मिनिटांची रचना. ब्लँटन ड्यूक एलिंग्टनच्या नामांकित बँडमध्ये आला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. आता कोणी म्हणेल, मग बासला पुढे आणण्याचं श्रेय हिंटनला का नाही? माझ्या मते ते न देणंच बरोबर आहे. हिंटन तिथे थक्क करतो, पण तो बासचं जुनं काम विलक्षण सफाईने करतो आहे. ब्लँटनने बासला सॅक्सोफोनसारखं बोलायला लावलं. ते वेगळं काम होतं. हिंटनलाही ते कळत होतं, आणि त्याने त्यावर केलं काय, तर शिकायला बसला.

शिकवणारा घरातच होता. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये दोन खेळांच्या मधल्या वेळेत गिलेस्पी आणि हिंटन गच्चीवर जायचे. डबल बास माणसाहून उंच, तो जिन्यावरून वर चढवायचा. गिलेस्पी त्याला नव्या स्वरसंगती दाखवायचा, नेहमीच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) जागी दुसरी कुठली घालता येते ते वाजवून घ्यायचा. पुढे जाझच्या ज्या नव्या शैलीला बीबॉप म्हटलं गेलं तिची ही तयारी. हिंटन गिलेस्पीहून सात वर्षांनी मोठा होता, बँडमध्ये मुरलेला होता, आणि नव्या पोराकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. पन्नास वर्षांनंतरही तो हेच करत होता.

सप्टेंबर १९४१ मध्ये हार्टफर्डच्या थिएटरात कोणीतरी स्टेजवर कागदाचा ओला बोळा फेकला. कॅलोवेला वाटलं गिलेस्पीच. वाद विंगेत हातघाईवर आला, गिलेस्पीने चाकू काढला. हिंटन मध्ये पडला आणि वार चुकवला. कॅलोवेच्या मांडीवर जखम झाली, गिलेस्पीची नोकरी गेली. बोळा फेकणारा बँडमधलाच जोना जोन्स होता, हे नंतर उघड झालं. मागच्या रांगेत उभा असलेल्या माणसाला सगळं दिसतं, हे या प्रसंगातून कळतं.

त्याच रांगेतून तो फोटोही काढत होता. १९३५ मध्ये वाढदिवसाला कोणीतरी साधा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा दिला, तेव्हापासून तो गळ्यातच असायचा. डब्यात झोपलेले वादक, प्लॅटफॉर्मवर पत्ते खेळणारे वादक, दक्षिणेतल्या ‘फक्त काळ्यांसाठी’ अशा पाट्यांखाली उभे असलेले झकपक कपड्यांतले वादक. व्यावसायिक छायाचित्रकार स्टेजसमोर उभा राहून गायकाचा घामेजलेला चेहरा टिपतो. हिंटनचे फोटो आतल्या माणसाचे आहेत. समोरच्याने पोझ घेतलेली नाही, कारण कॅमेरा ‘मिल्ट’च्या हातात आहे.

१९५१

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे बँड परवडेनासे झाले. पंधरासोळा माणसांचा पगार, प्रवास, कपडे यांचा खर्च निघेना. लोक नाचायला बाहेर पडण्याऐवजी घरात टीव्ही पाहू लागले आणि रेकॉर्ड विकल्या जाऊ लागल्या त्या गायकांच्या. कॅलोवेने बँड आधी आठदहांवर आणला, मग चारपाचांवर. १९५१ मध्ये तेही संपलं.

हिंटन एक्केचाळीस वर्षांचा होता, घरी पत्नी मोना आणि चार वर्षांची मुलगी. पंधरा वर्षं एकाच मालकाकडे काढल्यामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात त्याची ओळख जवळजवळ शून्य होती. योगायोग असा की त्याच वर्षी लिओ फेंडरच्या कंपनीने विजेचा बास बाजारात आणला, खांद्याला अडकवता येणारा आणि हवा तेवढा मोठा वाजणारा. म्हणजे नोकरी गेली आणि वाद्यालाही प्रतिस्पर्धी आला.

काही दिवस बँडप्रमुख काउंट बेसीकडे गेले. १९५३-५४ मध्ये आर्मस्ट्राँगच्या ऑल स्टार्सबरोबर काही महिने दौरे झाले. बहुतेक वादकांना आर्मस्ट्राँगचा बँड म्हणजे पेन्शनच वाटली असती. हिंटनने ती जागा सोडून न्यूयॉर्कमध्ये राहायचं ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला हा निर्णय वेडेपणाचा वाटला असता.

न्यूयॉर्कमध्ये काम होतं ते रेकॉर्डिंग स्टुडिओत. पॉप गाणी, टीव्ही, रेडिओ, साबण आणि सिगारेटच्या जाहिराती. पैसे उत्तम, पण हे जग बहुतांशी गोऱ्यांचं होतं. कॉन्ट्रॅक्टर नावाचा माणूस फोन करून वादक जमवायचा, आणि तो आपल्या ओळखीतल्यांनाच फोन करायचा. काळ्या वादकांना वगळायचा कुठलाही लेखी नियम लागत नव्हता. फोनच येत नसे.

हिंटनचा फोन वाजायला एक विनोदी नट कारणीभूत झाला. जॅकी ग्लीसन उमेदवारीच्या दिवसांत क्लबांत काम करायचा, तेव्हापासून त्याची हिंटनशी ओळख. आता तो टीव्हीचा मोठा तारा होता आणि स्वतःच्या नावाने तार-वाद्यांच्या मधाळ रेकॉर्डही काढत होता. हिंटन सांगायचा त्याप्रमाणे, रस्त्यात गाठ पडली, ग्लीसनने विचारलं काय चाललंय, याने सांगितलं काही नाही. ग्लीसनने तिथल्या तिथे आपल्या मॅनेजरला सांगितलं की उद्याच्या रेकॉर्डिंगला हा बासवर हवा. मॅनेजरने सांगितलं, बासवादक ठरलाय. ग्लीसन म्हणाला, असू दे.

इथे नशीब म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते पाहा. स्टुडिओत तार-वाद्यं मांडलेली, समोर कागद, घड्याळ चालू. तालमीला वेळ नाही, कारण तीन तासांच्या सत्राचे पैसे तीसचाळीस माणसांना द्यायचे असतात. ग्लीसनने दार उघडलं, आत टिकून राहायला कागद वाचता यावा लागत होता आणि मऊ गाण्याखाली गज फिरवता यावा लागत होता. कॅलोवेच्या बासवादकाला हे येईल असं त्या खोलीत फारसं कोणाला वाटलं नसावं. आईने घ्यायला लावलेलं व्हायोलिनचं शिक्षण कामाला आलं ते इथे.

मग फोन थांबले नाहीत. दिवसाला दोनदोन, तीनतीन सत्रं. एवढं धूड टॅक्सीत घालून स्टुडिओ ते स्टुडिओ पळणं शक्य नसल्याने त्याने एकाहून जास्त बास घेतले, आणि ते इकडून तिकडे हलवायला माणूस ठेवला. हँक जोन्स पियानोवर, बॅरी गॅलब्रेथ गिटारवर, ऑसी जॉन्सन ड्रमवर आणि हिंटन बासवर, ही चौकडी इतक्या रेकॉर्डिंगांना एकत्र असायची की १९५६ मध्ये ‘द ऱ्हिदम सेक्शन’ या सरळसोट नावाची त्यांची स्वतःचीच रेकॉर्ड निघाली. डिसेंबर १९५७ मध्ये सीबीएस टीव्हीवर ‘द साउंड ऑफ जाझ’ थेट प्रसारित झालं, त्यात तो आहे. मार्च १९५९ मध्ये बिली हॉलिडेच्या अखेरच्या रेकॉर्डिंगांत तो आहे, बासही त्याचा आणि स्टुडिओतले फोटोही त्याचे. १९६१ मध्ये अठरा वर्षांच्या अरीथा फ्रँकलिनची कोलंबिया कंपनीसाठीची पहिली रेकॉर्ड निघाली, तिथेही बास त्याचाच.

संगीतातलं काम म्हणून हे सगळं मोठं होतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर बरंचसं नव्हतं. त्यातली कितीतरी गाणी आज कोणी ऐकत नाही आणि जाहिरातींची तर नोंदही नाही. जाझचे समीक्षक स्टुडिओतल्या वादकाकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. पण त्यांनी हिंटनचं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं घर पाहावं. काळ्या जाझ वादकाने हप्ते फेडून घर घेतलं, मुलीला शिकवलं, म्हातारपणी कोणापुढे हात पसरला नाही, ही त्या पिढीत किती दुर्मीळ गोष्ट होती! ऑगस्ट १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या एका घराच्या पायऱ्यांवर आर्ट केनने ५७ वादकांचा तो प्रसिद्ध फोटो घेतला. त्यात हिंटन आहे. त्यातल्या कितीजणांचा शेवट हलाखीत झाला हे पाहिलं की त्या जाहिरातींकडे बघायची नजर बदलते.

मोना

त्याच सकाळी हार्लेममध्ये ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत होती ती मोना. ती फिल्म पुढे १९९४ च्या ‘अ ग्रेट डे इन हार्लेम’ या माहितीपटात वापरली गेली, आणि एका स्थिर फोटोच्या आजूबाजूची हालचाल जगाला दिसली.

या प्रकरणातला मोनाचा वाटा बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेला असतो. १९३९ मध्ये हिंटन आजीच्या अंत्यविधीसाठी शिकागोला गेला, तिथे दोघांची भेट झाली. पुढे कॅलोवेच्या बँडबरोबर नेहमी प्रवास करणारी एकमेव पत्नी तीच. बँड नव्या गावात उतरला की काळ्या वस्तीत कोणाच्या घरी खोल्या मिळतील, जेवण कुठे मिळेल, याचा शोध ती घ्यायची. पैशांचे व्यवहार तिच्या हातात होते. तरुण वादकांना ती बचतीबद्दल सुनवायची. हिंटनला दोनशे दिवस बाहेर राहून उरलेले दिवस उधारीत काढावे लागले नाहीत, त्याची मुळं इथे आहेत. ऐनवेळी आर्मस्ट्राँगचा बँड सोडण्याचं धाडस करता येतं, ते घरात काही शिल्लक असेल तरच.

तिसरी वेळ

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टुडिओतलं कामही आटायला लागलं. रॉकचे ग्रुप आपली वाद्यं आपणच वाजवायचे, त्यांना तीन तासांसाठी कोणी बोलावून आणायची गरज नव्हती. पॉपमध्ये विजेचा बास सर्रास झाला. टीव्हीचे कायमचे वाद्यवृंद कमी झाले आणि बरंच काम लॉस एंजेलिसला सरकलं. हिंटन आता साठीला आला होता. इथे तो थांबला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

यावेळी एकच मोठी जागा मिळाली नाही, तुकडे मिळाले. गायक बिंग क्रॉस्बी आणि गायिका पर्ल बेली यांच्याबरोबर दौरे. जाझ महोत्सव, श्रीमंत रसिकांनी भरवलेल्या जाझ पार्ट्या, पुढे जहाजांवरचे जाझचे प्रवास. आणि शिकवणं: न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमध्ये बासची कार्यशाळा, बारूक कॉलेजमध्ये वर्ग. त्याच्या घराच्या तळघरात तरुण बासवादकांची ये-जा असायची. ‘द जज’ या टोपणनावाने तो ओळखला जायचा. १९८० मध्ये सत्तरीनिमित्त मित्रांनी त्याच्या नावाने तरुण बासवादकांसाठी शिष्यवृत्ती निधी सुरू केला.

या काळातलं सर्वांत मोलाचं फळ मात्र कॅमेऱ्याचं. डेव्हिड बर्गर नावाचा मुलगा १९५६ मध्ये बास शिकायला हिंटनकडे आला होता. पुढे तो समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. गुरूच्या घरात खोक्यांत पडलेल्या निगेटिव्ह म्हणजे काय ऐवज आहे, हे त्याने ओळखलं. त्याने हॉली मॅक्सनच्या मदतीने त्या लावून घेतल्या, हिंटनला बोलतं केलं, प्रत्येक फोटोमागची गोष्ट उतरवून घेतली. आकडा सुमारे साठ हजारांवर गेला. १९८८ मध्ये ‘बास लाइन’ हे आठवणींचं आणि फोटोंचं पुस्तक आलं, १९९१ मध्ये ‘ओव्हरटाइम’. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्याला ‘जाझ मास्टर’ केलं. आज जाझच्या पुस्तकात किंवा माहितीपटात कॅलोवेच्या डब्यातलं दृश्य दिसलं, तर ते बहुधा हिंटनचं असतं.

हे प्रकरण कुठवर लागू पडतं?

नव्या वादकांना हिंटनचं उदाहरण देताना ‘सगळं शिकून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल’ असं सांगण्याची रीत आहे. मला ते अर्धवट वाटतं. ग्लीसन भेटला नसता तर ते शिक्षण तसंच पडून राहिलं असतं, आणि तेवढंच शिकलेले पण फोन न आलेले काळे वादक न्यूयॉर्कमध्ये होतेच. शिकागोत तर वादकांची युनियनच १९६६ पर्यंत काळ्यांची वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती. हिंटन टिकला म्हणून ती व्यवस्था ठीक होती असं होत नाही. शिवाय ज्या स्टुडिओव्यवस्थेने त्याला पंधराएक वर्षं पोसलं ती आता उरलेली नाही. संगणकावर बास वाजवता येतो आणि जाहिरातवाले तोच वापरतात.

त्याच्याकडून खरोखर घेण्याजोगं काही असेल तर ते साथ करण्याच्या रीतीत आहे. तो पुढे यायला धडपडला नाही. त्याच्या स्वतःच्या नावाच्या रेकॉर्ड त्याच्या एकूण कामाच्या मानाने मूठभर आहेत. पण समोरचा कोण आहे, त्याला काय हवं आहे, ते ओळखून तो आपलं वाजवणं बदलायचा आणि तरी ठेका इंचभर ढळू द्यायचा नाही. टेनरवाला १९३७ चा असो की १९८७ चा.

ऐकून पाहायचं असेल तर आधी ‘प्लकिन द बास’ ऐका, मग ‘द साउंड ऑफ जाझ’चं चित्रीकरण पाहा, आणि मग थेट ‘ट्रायो जीपी’वर या. ही ब्रॅनफर्ड मार्सालिसची रेकॉर्ड, १९८९ मध्ये निघालेली. सॅक्सोफोनवर मार्सालिस, ड्रमवर जेफ वॉट्स, दोघेही १९६० साली जन्मलेले, आणि बहुतेक गाण्यांत बासवर ७७ वर्षांचा हिंटन. पियानो नाही, गिटार नाही. त्यामुळे कॉर्ड कुठली चालू आहे हे सांगायचं कामही बासवरच पडतं आणि चुकलं तर लपायला आडोसा नाही. दोन पोरं मनसोक्त हुंदडतात, हिंटन खालून रस्ता दाखवत राहतो, आणि स्वतःची पाळी आली की शिकागोत शिकलेला तो स्लॅप काढतो.